कातरणीनंतर बदललेल्या मेंढ्या

१

मुंजाजीच्या कळपातून चार मेंढ्या चोरीला गेल्या, तरी मोजल्यावर मेंढरं पुरी भरत होती. पोलिसातल्या नोकरीत मी हरतऱ्हेच्या चोऱ्या पाहिल्या. सायकली, विहिरीवरच्या मोटारी, एकदा तर लग्नघरातून जिलब्यांनी भरलेली अख्खी परात. पण नेलेल्या मालाच्या जागी तेवढाच माल ठेवून जाणारा चोर मला कधी भेटला नव्हता.

मी भगवानराव. सेलूच्या ठाण्यातून जमादार म्हणून निवृत्त झालो आणि वालूरला येऊन राहिलो, ते सकाळचा चहा तरी कुणी मध्ये न बोलता पिता यावा म्हणून. त्या सकाळी मुंजाजीची बायको मनकर्णाबाई येऊन पायरीवर बसली आणि चहा निवला तो निवलाच.

"जमादारसाब, बबलूचा बाप सेलूच्या ठाण्यात जायलाय. मपल्या भावावर चोरीची केस करायला."

तिचा भाऊ म्हणजे लिंबाजी. मेव्हण्या-मेव्हण्यांचे दोन कळप वर्षानुवर्षं बरोबरीनं हिंडायचे. ज्वारी निघाली की शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. यंदा दोघांचे कळप बन्सीधरच्या शेतात बसले होते. तिथंच एका दिवशी सगळ्या मेंढरांची लोकर कातरली आणि सांजेला कळप वेगळे केले. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई कोकरं पाजायला गेली, तर दोन कोकरांना आई सापडेना. तिनं नीट बघितलं. आपल्या चार मेंढ्या नाहीत आणि त्यांच्या जागी लिंबाजीच्या चार उभ्या.

"बबलूचा बाप म्हनतो, लिंबानं माल बदलला. बाजारात सगळ्यांदेखत चोर म्हनले तेला. आता केस झाली तर मपलं माहेर कायमचं बंद झालं बगा."

"तुला काय वाटतं? लिंबाजीनं केलं असेल?"

"तेनं न्हाई केलं."

"मग?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मंग बबलूचा बाप चुकला, असं म्हनावं लागतं. आन मेंढरू वळखायला ते चुकले, असं आजपतूर कुनीच म्हनलेलं न्हाई."

ते मात्र खरं होतं. दोन कळप मिसळले की भांडण सोडवायला पालमपासून लोक मुंजाजीला बोलवायचे. तो मधून चालत जायचा आणि नुसतं तोंड बघून हे तुझं, ते त्याचं, असं सांगायचा. त्यावर कुणी उलट बोलत नसे. म्हणजे मुंजाजी खरा असेल तर लिंबाजी चोर, आणि लिंबाजी खरा असेल तर मुंजाजी खोटारडा. मनकर्णाबाईनं दोघांपैकी कुणाला गमवायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

२

मुंजाजी शेताच्या बांधावर बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. आमची ओळख तो मिसरूड फुटलेला पोरगा होता तेव्हापासूनची. त्यानं वर बघितलं, अगदी तोंडाकडे बघितलं आणि परत खाली मान घालून काडीनं माती उकरू लागला.

माझं डोकंच फिरलं. निवृत्त माणसाला सरकार विसरतं हे मला ठाऊक होतं, पण मेंढपाळही विसरावा? "काय रे मुंज्या, माज आला का?" मी म्हणालो.

तो ताडकन उठला. "या, या, जमादार! रामराम. बसा की." क्षणात चेहरा बदलला त्याचा. मला ते सोंग वाटलं.

"ठाण्यात जायची घाई करू नको. आठवडी बाजारापर्यंत थांब. तोवर मी बघतो."

तो कसाबसा कबूल झाला. "पण बगायचं काय त्यात? मी वाटून दिली तवा बराबर दिली. मी चुकंन का? मी?" शेवटचा शब्द तो केवढ्यानं तरी ओरडला. पूर्वी हा माणूस कुत्र्यावरसुद्धा ओरडत नसे.

त्याच्या मागं घंट्यांचा ढीग पडला होता. पितळी, पत्र्याच्या, लाकडी, एकीला तर सायकलीची घंटी बांधलेली. कातरणीसाठी काढलेल्या. मी एक हलवून बघितली. "एवढ्या घंट्या? यंदा जत्रा भरवायचा विचार होता का?"

तो हसला नाही. "हाव, आसू द्या," म्हणून त्यानं माझ्या हातातली घंटी काढून घेतली.

लिंबाजी ओढ्यापलीकडे होता. मी दिसताच उठून उभा राहिला. पण दाजींचं, म्हणजे मुंजाजीचं, नाव काढल्याबरोबर त्यानं मान फिरवली.

"जमादारसाब, वाटून द्यायला आमी दोघंच व्हतो. दाजींनी बबलूला लोकर घेऊन आधीच घरी धाडलं. मंग दाजी एकेक मेंढरू हिकडं-तिकडं ढकलायले. मी म्हनलो, दाजी, ही तर तुमची. तर लगेच खेकसले, मला शिकवतो का म्हनून. थोरल्या बहिनीचा नवरा. मी काय बोलू? म्हनलं, सकाळी अक्काला सांगून गुमान बदलून घिऊ."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी चोर झालो." त्यानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आता जित्ता हाय तोवर ह्या मानसाशी एक शबूद बोलनार न्हाई. अक्काची शपथ घेऊन सांगतो."

माणूस खोटं बोलतो तेव्हा कसा बोलतो, ते ऐकण्यात माझी हयात गेली. लिंबाजी खोटं बोलत नव्हता. पंचाईत अशी की मुंजाजीही खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं.

३

राहिले दोघं. मुंजाजीचा मुलगा बबलू आणि शेताचा मालक बन्सीधर.

बबलूला मेंढरांमागं हिंडायचा कंटाळा. त्याला सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी हवी होती. दोन कळपांत वितुष्ट आलं की बापाला मेंढरं विकावी लागतील, असा त्याचा हिशेब असू शकत होता. मी तसं तोंडावर विचारलं.

"काका, मला विकायचीच असती तर विकली असती. बदलून काय मिळनार?" तो म्हणाला. "आबांनी मला घरी धाडलं तवा मी म्हनलो, वाटायला मी थांबतो. तर माझ्यावरच धावून आले. पडल्यापासून हे असंच चाललंय."

"कुठून पडला?"

"बाभळीवरून. शेरडांना डहाळा तोडायला चढले व्हते, गेल्या साली. डोक्याच्या मागं मार लागला. परभनीला दवाखान्यात व्हते, सुदीवर नव्हते. मंग चालायला-बोलायला लागले तवा घरी आनलं. चांगले झाले."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. चांगला झालेला माणूस चांगलाच झालेला असतो, अशी माझीही समजूत होती.

बन्सीधरचं मात्र कारण पक्कं होतं. लिंबाजीचा कळप त्याच्या शेतात आणखी बसायला हवा होता आणि लिंबाजी नाही म्हणाला होता, त्याचा त्याला राग होता. मी विचारलं तसा त्यानं धोतराचा सोगा पुढं केला. चांगलं वीतभर ठिगळ.

"मुंजाजीच्या कुत्र्यांची मेहेरबानी. मला मपल्याच शेतात पाय ठेवू देईनात, जमादारसाब. मी कशाला त्यांच्या मेंढरात जातोय?"

मी घरी येऊन पडवीत बसलो आणि त्या आठ मेंढ्या डोळ्यांपुढे आणल्या. मनकर्णाबाईनं सगळ्या ओळीनं सांगितल्या होत्या. मुंजाजीच्या गेल्या त्या चारांत दोन दुभत्या, एक बोळकी म्हातारी आणि एक पाठ, म्हणजे न व्यालेली. लिंबाजीकडून आल्या त्यात एक दिवस भरलेली गाभण, आज-उद्या विणारी.

आता असं बघा, फसवून बदलायचं तर चोर दुभत्या नेईल. बोळकी म्हातारी कशाला नेईल? आणि आपली गाभण मेंढी दुसऱ्याच्या पदरात टाकणारा मेंढपाळ अजून जन्मायचा आहे. चोराला निवडता येतं. इथं कुणी निवडलंच नव्हतं. हाताला लागली ती ढकलली होती.

म्हणजे मेंढरू ओळखू न येणाऱ्या माणसाचं हे काम. तसा माणूस एकच, बन्सीधर, आणि त्याला कुत्री जवळ येऊ देत नव्हती. कुत्री ज्यांना जवळ येऊ देत होती त्या सगळ्यांना मेंढरं ओळखू येत होती. निदान तसं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

४

मनकर्णाबाईला मी एकच विचारलं. "पडल्यापासून मुंजाजीत काय काय बदललं? लहानसहान सगळं सांग."

ती बोलायला लागली आणि थांबेचना. डोकं दुखतं, लवकर दमतो, एकदम चिडतो. पूर्वी कोकरं आयांना लावायचं काम त्याचं, ते त्यानं तिच्यावर टाकलं. मेंढरांच्या पाठीवर गेरू, नीळ, हिरवा, नाना रंगांचे पट्टे ओढले. घंट्या बांधल्या. आणि माणसांशी माजल्यासारखा वागायला लागला.

"दीपिका, आमची लेक, सेलूच्या स्टँडवर दिसली तेला. पोरगी हसत पुढं आली. हा मानूस तिच्या बाजूनं निघून गेला. परक्यासारखा! तवापासून ती माहेरी आलेली न्हाई." ती घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, "मी दिवाळीला नवं लुगडं नेसले. दारातून आत आले तर म्हनले, कोन बाई, काय पायजे? मला वाटलं, म्हातारपनी नटले म्हनून टोमना मारायलेत. मी ते लुगडं परत नेसले न्हाई."

गेरू आणि नीळ लोकरीवर होती. लोकर कातरली त्याच दिवशी रंग गेले. घंट्या काढल्या. आणि त्याच दिवशी मेंढ्या बदलल्या. आणि मी, मी बांधावर गप उभा होतो तेव्हा त्याच्या लेखी कुणीच नव्हतो. बोललो तेव्हा जमादार झालो.

खात्री करायला मी एक युक्ती केली. बबलूला माझा खाकी सदरा घातला, डोक्यावर माझी टोपी, हातात माझी काठी, आणि अंगणात माझ्या खुर्चीवर बसवला. तोंडातून अक्षर काढायचं नाही, एवढं बजावलं. माझ्या मिशा पांढऱ्या, तोंडाचं पार बोळकं. बबलूला तर अजून धड दाढी नाही. रांगतं पोरसुद्धा फसलं नसतं. मी दाराआड उभा राहिलो आणि मुंजाजीला निरोप धाडला.

तो आला. चपला काढल्या. खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"रामराम जमादार."

आपल्या पोटच्या पोराला तो रामराम घालत होता. मी बाहेर येणार, तोच मुंजाजी हलक्या आवाजात पुढं बोलू लागला आणि माझे पाय तिथंच राहिले.

"तुमी बोलावलं म्हंजी तुमाला कळलं. केस करत न्हाई मी. पण येक करा, बबलूच्या कानावर हे जाऊ देऊ नका. बाभळीवरून पडलो तवापासून मला तोंडं वळखू येईनात. डोळे दिसतात, नाक दिसतं, सगळं दिसतं. पण कुनाचं हाय ते कळंना. मेंढरांचंबी तसंच. सगळी येकच दिसायलीत. रंगावर आन घंटीवर वरीस काढलं. कातरणीला समदंच गेलं. लिंबा म्हनला, दाजी, ही तुमची. तवाच मला कळलं, मी चुकायलोय. पण कबूल कसं करू? मेंढरं वळखू येत न्हाईत म्हनल्यावर मुंजाजी म्हनून काय राहिलं? त्यापरास लिंबाला चोर म्हनलो. पोराला कळलं तर ते म्हनंल, आबा येडा झाला."

"आबा!" बबलूला राहवलं नाही.

तो आवाज ऐकताच मुंजाजीनं मान वर केली. समोरच्या टोपीकडे बघितलं, सदऱ्याकडे, मग तोंडाकडे. बराच वेळ बघत राहिला. मग दोन्ही हातांनी आपलंच डोकं धरलं. असली युक्ती मला सुचली नसती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

५

परभणीला मेंदूच्या डॉक्टर साधना मॅडम आहेत. त्यांनी मुंजाजीला तपासलं, डोक्याचे जुने फोटो लावून बघितले. डोळ्यांत काही दोष नाही, म्हणाल्या. मेंदूच्या मागच्या खालच्या भागात चेहरे ओळखले जातात, नेमका तिथंच मार बसला होता. आवाज, चाल, कपडे यांवरून ओळखता येईल, चेहऱ्यावरून बहुतेक कधीच नाही. राग, थकवा, डोकेदुखी ही त्याच मारामुळे, त्यावर इलाज करता येईल.

"माणूस चालायला-बोलायला लागला की घरच्यांना वाटतं, बरा झाला," त्या म्हणाल्या. "कुणाची चूक नाही. वागणं बदललं, म्हणून मेंदूच्या डॉक्टरकडे कोण नेतं?"

मनकर्णाबाई भिंतीला टेकून उभी होती. "मी वरीसभर तेला माजोरी म्हनत व्हते, मॅडम," ती म्हणाली. मॅडमनी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

दीपिका आली. उंबऱ्यातूनच मोठ्यानं "आबा, मी दीपा" म्हणाली आणि मग बापाच्या गळ्यात पडून रडली. मनकर्णाबाईनं ते लुगडं पेटीतून काढलं. आता घरात शिरताना ती आधी खाकरते. पण लिंबाजी वालूरमध्ये राहिलाच नव्हता. बाजारात चोर म्हटल्यापासून एकही शेतकरी त्याचा कळप शेतात बसवून घेईना. तो मेंढरं घेऊन पालमकडे निघून गेला होता. मुंजाजीच्या चार मेंढ्या तेवढ्या बांधावर बांधून ठेवून गेला.

मनकर्णाबाईनं भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, सोंग हाय ते. दाजी मला वळखनार न्हाईत? हाताला धरून मला मेंढरं शिकवली त्यांनी." आणि फोन ठेवला.

पुढच्या बाजारात मुंजाजी मारुतीच्या पाराजवळ उभा राहिला आणि माझी चूक झाली, लिंबा चोर नाही, असं मोठ्यानं म्हणाला. चोर म्हणाला तेव्हा सगळा बाजार गोळा झाला होता. चुकलो म्हणाला तेव्हा भाजीवाल्यानं तेवढी मान वर केली. मला त्या गर्दीचा फार राग आला. पण बाजारच तो, त्याच्यावर केस कशी करणार?

मग मुंजाजी मला म्हणाला, "जमादार, मला पालमला न्या."

आम्ही परभणीला एसटी बदलली. वाटेत तो एकदाच बोलला. "तिथं गेल्यावर तुमी बोट दावू नका. मपलं मानूस मलाच हुडकू द्या."

पालमच्या बाहेर एका कापलेल्या शेतात कडुलिंबाखाली सात-आठ मेंढपाळ फडक्यातली भाकरी सोडून जेवायला बसले होते. सगळ्यांची धोतरं मळकी, सगळ्यांची पागोटी तांबडी, खांद्यावर घोंगडी. लिंबाजी मधोमध होता. मला तो लगेच दिसला. त्यानंही आम्हांला बघितलं आणि भाकरीचा घास तसाच हातात धरून तोंड घट्ट मिटून घेतलं. शपथ होती ना त्याची.

मुंजाजी झाडाखाली जाऊन थांबला. एकेका तोंडाकडे बघत गेला. मग त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि कडेच्या माणसाच्या पायावर ठेवलं.

"लिंबा, चुकलो रे मी."

"मी लिंबा न्हाई, पाव्हनं," तो माणूस गडबडून पाय मागं घेत म्हणाला. "मी पंडित."

मुंजाजीनं पागोटं उचललं आणि शेजारच्यापुढं बसला. "लिंबा, चुकलो." तोही नाही म्हणाला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप झालं. मुंजाजी पुढं सरकला. मी डोळे मिटून घेतले, कारण माझं बोट आपोआप वर उठत होतं. आता तो लिंबाजीच्या समोर होता. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्यानं बघितलं, हातभर अंतरावरून. लिंबाजी काही बोलला नाही. मुंजाजीनं थोडी वाट बघितली, आणि हा नव्हे असं समजून, पागोटं घेऊन पुढच्या माणसाकडे वळला.

लिंबाजीच्या हातातला घास खाली पडला.

"दाजी," तो म्हणाला. "हिकडं. मी हिकडं हाय, दाजी."

मुंजाजी जागच्या जागी वळला. पुढं वाकून त्यानं लिंबाजीचा हात धरला आणि कान त्याच्या आवाजाकडे लावून बसून राहिला. दोघंही रडत होते. रडता रडता लिंबाजीचा शब्द फुटेना, तसा मुंजाजी घाबरला. त्यानं हात आणखी घट्ट धरला.

"बोल, लिंबा. शिव्या दे, पण बोलत राहा. तू गप झाला की मला तू सापडत न्हाईस."